तिकिटावरचे पावणेदोन तास

मुंबई ते बंगळूर विमानाने किती लांब? ८३५ किलोमीटर. वेळ किती? पावणेदोन तास. पुणे ते बंगळूर? ७२० किलोमीटर, दीड तास. फोनला विचारा, तिकीट काढणाऱ्या एजंटला विचारा, शेजारच्या पोराला विचारा, उत्तर हेच येईल. आणि ज्याला खरोखर निघायचं आहे त्याला या उत्तराचा काडीचा उपयोग नाही.

हा आकडा येतो कुठून, ते आधी बघा. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो, अक्षांश-रेखांशासकट. असे दोन बिंदू घ्यायचे आणि पृथ्वीच्या गोलाईवरून त्यांच्यातलं सर्वांत कमी अंतर काढायचं. त्याला विमानाच्या सरासरी वेगाने भागायचं, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा, की वेळ तयार. या मार्गावरची जेट विमानं वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या वेगाने जातात, म्हणजे ८३५ किलोमीटर हे तासाभराचं काम. गणितात चूक नाही. त्यात माणूस मात्र नाही. सांताक्रूझच्या धावपट्टीवर कुणाचं घर नाही आणि देवनहळ्ळीच्या धावपट्टीवर कुणाचं दुकान नाही.

दुकान चिकपेटेत आहे.

चिकपेट म्हणजे बंगळूरचं मूळ गाव. केंपेगौडाने १५३७ मध्ये वसवलेल्या पेठांपैकी ही एक. दोड्डपेट, म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड, आणि चिकपेट जिथे एकमेकींना छेदतात त्या चौकातून चार दिशांना चार बैलजोड्या नांगर घेऊन सोडल्या आणि त्या थांबल्या तिथे शहराची हद्द ठरली, अशी आख्यायिका आहे. आज त्या चौकात नांगर सोडाच, दुचाकीसुद्धा सरळ जात नाही. रेशमी साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल, सोन्याचांदीच्या पेढ्या, घाऊक कापडवाले, आणि या सगळ्याच्या पोटातून जमिनीखाली २०१७ पासून धावणारी मेट्रो. चिकपेट आणि तिला लागून असलेल्या नगरथपेटच्या बोळांतून दुपारच्या वेळी चाललात तर मराठी कानावर पडते. विटा, आटपाडी, तासगावकडची, ठसक्याची मराठी. ही गलाईवाल्यांची मराठी.

गलाईचा धंदा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सोनार जुने दागिने, तुटके डाग, दुकानातली झाडलोटसुद्धा गलाईवाल्याकडे देतो. आठ बाय दहाच्या खोलीत भट्टी पेटलेली असते. मुशीत डाग वितळतो, तेजाबात मिसळ सुटते, आणि शेवटी चिमट्याच्या टोकाला शुद्ध सोन्याची छोटीशी लगड येते. तिचा टंच काढायचा, वजन करायचं आणि मालकाच्या हातात द्यायची. भट्टीची धग आणि तेजाबाचा धूर छातीत घेत बसायचं काम. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातली पोरं पिढ्यान् पिढ्या हे काम करत देशभर पसरली. केरळात आहेत, तमिळनाडूत आहेत, पंजाबात आहेत. बंगळुरात तर आहेतच. घर गावाकडे, आईवडील गावाकडे, शेताचा तुकडा गावाकडे, ग्रामदैवताची जत्रा गावाकडे. दोन शहरांतल्या अंतराचा प्रश्न या माणसांना सहलीसाठी पडत नाही.

तो पडतो पहाटेचा फोन आला की. असं बोलणं ठरलेलं असतं.

"दादा, आबा गेलं."

"कधी?"

"पहाटं चारला. तू कधी पोचशील? थांबवायचं का?"

थांबवायचं का. सगळी भावकी दारात बसलेली असते. शीतपेटी आणायची की नाही, लेकीबाळींना किती वाजताची माती सांगायची, सरण कधी रचायचं, हे सगळं चिकपेटेतल्या त्या पोराच्या एका वाक्यावर ठरणार असतं. तो फोनमध्ये बघतो. फोन सांगतो, बंगळूर-पुणे दीड तास. तो म्हणतो, "थांबवा, दुपारपत्तूर येतो."

आता त्याच्याबरोबर निघू या. फोन सहाला आला, पुण्याचं विमान साडेदहाचं मिळालं असं धरू. सातला चिकपेट सोडली. मॅजेस्टिक, मेखरी सर्कल, हेब्बाळ. देशांतर्गत विमानाची बॅग घेणारी खिडकी सुटण्याच्या तासभर आधी बंद होते, दार त्यानंतर थोड्या वेळाने. म्हणून साडेआठपर्यंत देवनहळ्ळीला पोचायलाच हवं. सुरक्षा तपासणीची रांग. बाराला लोहगाव. बाहेर पडून गाडी मिळेपर्यंत साडेबारा. मग पुणे शहर, मग कात्रज, खंबाटकी, सातारा, कराड, आणि कराडहून विटा. दोनशे किलोमीटरच्या वर अंतर, पाच तास. संध्याकाळचे साडेपाच. फोनपासून साडेअकरा तास. त्यातले विमानातले दीड.

थंडीच्या दिवसांत सहाला अंधार पडतो.

आणि चिकपेटेतून थेट गाडी भाड्याने काढली असती तर? तुमकूर, चित्रदुर्ग, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, विटा. सातशे किलोमीटरच्या आतबाहेर, बारा तास. म्हणजे विमानाने वाचवला जेमतेम दीड तास. त्या दीड तासासाठी ऐनवेळच्या तिकिटाला जो भाव मोजावा लागतो तो कुणालाही विचारा. आदल्या रात्रीच्या दरात आणि त्या सकाळच्या दरात दुपटी-तिपटीचं अंतर असतं. मेलेल्या बापाच्या मातीला निघालेल्या माणसाकडून तिप्पट भाडं घेणाऱ्या पद्धतीला बाजाराचा नियम म्हणतात. माझ्या मते ही लूट आहे, आणि तिला हाच शब्द वापरला पाहिजे.

मुद्दा विमानाचा वेग कमी आहे हा नाहीच. इंडियन एअरलाइन्सने सत्तरच्या दशकात बोइंग ७३७ आणली, तेव्हा ती ज्या वेगाने उडत होती जवळजवळ त्याच वेगाने आजची एअरबस उडते. पन्नास वर्षांत आकाशातला वेळ फारसा हललेला नाही. वाढला तो जमिनीवरचा. टॉमटॉम या कंपनीने २०२४ मध्ये जगभरच्या शहरांतली वाहतूक मोजली. दहा किलोमीटर जायला बंगळुरात सरासरी ३४ मिनिटं १० सेकंद लागली. शहर जगात तिसरं. पुण्यात ३३ मिनिटं २२ सेकंद; शहर जगात चौथं. या प्रवासाची दोन्ही टोकं जगातल्या सर्वांत तुंबलेल्या पाच शहरांत आहेत, आणि आपण कौतुक करतो ते मधल्या ७२० किलोमीटरचं, जिथे कधीच कोंडी नव्हती.

बंगळूरच्या विमानतळाची गोष्ट तर जरा सविस्तर सांगायलाच हवी. जुना विमानतळ शहरातच होता, एचएएलचा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली, तीच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाली. तिच्या धावपट्टीवरून बंगळूरची प्रवासी विमानं कित्येक दशकं उडाली. चिकपेटेपासून दहा-बारा किलोमीटरचा पल्ला. २४ मे २००८ रोजी देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि एचएएलची प्रवासी वाहतूक बंद झाली. चिकपेटेपासूनचा पल्ला एका रात्रीत तिपटीवर गेला. मुंबई-बंगळूरचं विमानाचं अंतर मात्र नकाशावर जवळजवळ होतं तेवढंच राहिलं, आणि म्हणून कुणाच्या हिशेबात काही बदललं नाही.

नवा विमानतळ हवाच होता, याबद्दल वाद नाही. शहराच्या वाढीला एचएएलची जागा पुरणारी नव्हती. आज देवनहळ्ळीला दोन समांतर धावपट्ट्या आहेत, दुसरी डिसेंबर २०१९ पासून. नोव्हेंबर २०२२ मध्ये दुसरं टर्मिनल आलं, बागांनी आणि बांबूने सजवलेलं, आणि त्याच दिवशी केंपेगौडाचा १०८ फुटी पुतळा उभा राहिला. हे सगळं झालं. पण गावातून तिथे जायची मेट्रो? विमानतळ सुरू झाल्यावर सतरा वर्षांनीसुद्धा तिचे खांबच उभे राहत होते. आधी तारीख, मग पुढची तारीख, मग त्यापुढची. विमानतळाजवळ केंपेगौडा विमानतळ हॉल्ट नावाचं रेल्वेचं छोटं स्थानक जानेवारी २०२१ मध्ये उघडलं. यलहंका-चिक्कबळ्ळापूर मार्गावर ते आहे. तिथे थांबणाऱ्या गाड्या इतक्या मोजक्या, की त्यांच्या वेळा बघून विमान निवडावं लागेल. रूळ आहे, फलाट आहे. गाड्या वाढवा एवढंच राहिलंय, आणि तेवढंच होत नाही.

याच्या जोडीला करार आहे. देवनहळ्ळीचा विमानतळ बांधताना सरकारने कंपनीला लिहून दिलं की पंचवीस वर्षं, म्हणजे २०३३ पर्यंत, दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ येणार नाही. म्हैसूर आणि हासन तेवढे अपवाद. पैसे घालणाऱ्याला संरक्षण लागतं, हे समजतं. पण त्या दीडशे किलोमीटरच्या वर्तुळात राहणाऱ्या कोटभराहून जास्त माणसांना कुणी काय लिहून दिलं? विमानतळ येईल त्या दिवशी रेल्वेही येईल, असं कलम त्या करारात असायला हवं होतं. आता कर्नाटक सरकार कनकपुरा रस्त्यावर आणि नेलमंगलकडे दुसऱ्या विमानतळासाठी जागा बघतं आहे. माझं एकच मागणं आहे. या वेळी आधी रूळ टाका, मग धावपट्टी.

मुंबईकरांनी हे वाचून बंगळूरची कीव करू नये. त्यांच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. विमान बंगळूरहून वेळेत येतं आणि मुंबईवर घिरट्या घालत बसतं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. नकाशावर तिथून बंगळूर वीसेक किलोमीटरने जवळ. आता बोरिवलीच्या माणसाला विचारा, उलव्याच्या या विमानतळावर पोचायला किती वेळ लागतो. विमानाचं अंतर कमी झालं आणि त्याचा प्रवास लांबला, दोन्ही एकाच तिकिटावर. पनवेल, उरण, पेणच्या माणसाला मात्र तोच विमानतळ वरदान आहे. कुणाच्या दारापासून मोजता, यावर सगळं अवलंबून.

तिकिटावरच्या वेळेबद्दलही दोन शब्द. ती वेळ उडण्याची नसते. विमान आपल्या जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतची असते, आणि त्यात कंपन्या हात सैल ठेवून मिनिटं घालतात. शिवाय ठरल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत असलेलं विमान नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या हिशेबात वेळेवरच धरलं जातं. म्हणून सव्वा तास उडणाऱ्या विमानाच्या तिकिटावर पावणेदोन तास असतात आणि वैमानिक हसतमुखाने सांगतो, आपण दहा मिनिटं आधी पोचलो. विमान सरळ रेषेत जात नाही हेही खरं. हवाई दलाची क्षेत्रं टाळावी लागतात. लोहगाव हवाई दलाचंच ठाणं आहे. यलहंक्यालाही ठाणं आहे आणि तिथे दर दोन वर्षांनी एरो इंडियाचं प्रदर्शन भरलं की देवनहळ्ळीच्या वेळापत्रकाला कात्री लागते. पण या सगळ्याने होणारा फरक मिनिटांचा आहे. तासांचा फरक होतो तो हेब्बाळच्या उड्डाणपुलाखाली आणि कात्रजच्या अलीकडे.

मग गलाईवाल्याला काय हवं? त्याच्या दाराजवळचा विमानतळ हवा. तो कोल्हापुरात आहे. उजळाईवाडीचा हा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, ५ जानेवारी १९३९ ला सुरू झाला. देशात नागरी विमानसेवा जेमतेम रांगत होती तेव्हा एका संस्थानाने हे करून दाखवलं. कोल्हापूर ते बंगळूर सरळ अंतर ५३० किलोमीटर. तिथून विटा दोन-सव्वादोन तास. फोन सहाला आला आणि सकाळचं कोल्हापूरचं विमान मिळालं, तर तोच पोर दुपारी दोनच्या सुमारास घरी पोचतो. साडेतीन तास वाचले. विमान काही जोरात उडालं नाही. उतरलं जवळ, एवढंच.

पण त्या विमानाचा भरवसा कुणी द्यायचा? कोल्हापूर-बंगळूर सेवा गेल्या काही वर्षांत सुरू झाली, थांबली, कंपनी बदलून परत आली. छोट्या शहरांसाठी केंद्राने 'उडान' योजना आणली. २७ एप्रिल २०१७ ला तिचं पहिलं विमान सिमल्याहून उडालं. पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांसाठी अडीच हजारांची मर्यादा, आणि कंपनीला तीन वर्षं अनुदान. कल्पना उत्तम. पण २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांनी संसदेत जे मांडलं ते वाचा. दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान कधी उडालंच नाही. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ नीच तीन वर्षं पुरी केली. आणि अनुदान संपल्यावर मार्च २०२३ पर्यंत टिकले ते ५४. सातशे चौऱ्याहत्तरातले चौपन्न! प्रत्येक मार्गाच्या उद्घाटनाला फीत कापली गेली, पाण्याच्या फवाऱ्याने विमानाचं स्वागत झालं, फोटो छापून आले. बंद पडला त्या दिवशी कुणी फोटो काढला नाही.

कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झालं. इमारत देखणी आहे, दगडी कमानींची. इमारतीने कुणी गावी पोचत नाही. सांगलीजवळ कवलापूरला जुनी धावपट्टी आहे, तिथे विमानतळ करा ही मागणी जुनी आहे. माझं मत विचाराल तर आधी कोल्हापूरचं बंगळूर विमान वर्षाचे ३६५ दिवस, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, असं चालवून दाखवा. मग कवलापूरचं बोलू.

आणि रेल्वे. चिकपेटेच्या माणसाला खरं तर देवाने रेल्वे हाताशी दिली आहे. चिकपेट मेट्रोत बसलात की पुढचंच स्टेशन मॅजेस्टिक, आणि तिथेच बंगळूरचं मुख्य रेल्वे स्थानक. पाच मिनिटं. विमानतळाला दीड तास, रेल्वेला पाच मिनिटं. राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री बंगळूर सोडते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिरजेला आणून सोडते. गलाईवाल्यांच्या किती पिढ्या त्या गाडीने गेल्या-आल्या असतील! दिवाळीच्या सुमाराला तिचे डबे बघा. दारात पाय ठेवायला जागा नसते, संडासाजवळ बॅगा आणि बॅगांवर पोरं. जत्रेच्या दिवसांत तेच. त्या गाडीला चार डबे जादा जोडले तर जेवढ्या माणसांची सोय होईल तेवढी एका विमानाने होणार नाही.

बरं, वेगवान गाड्या नाहीत असंही आता म्हणता येत नाही. जून २०२३ पासून बंगळूर-धारवाड वंदे भारत पहाटे पावणेसहाला निघते आणि दुपारच्या सुमाराला धारवाडला पोचते. १० ऑगस्ट २०२५ ला बंगळूर-बेळगाव वंदे भारत सुरू झाली, सहाशे किलोमीटर साडेआठ तासांत. तिकडे पुणे-हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून मिरजेवरून धावते. तुकडे सगळे तयार आहेत. बेळगावपासून मिरज रुळाने दीडशे किलोमीटरच्या आत. पण या तुकड्यांची मिळून एक थेट वेगवान गाडी होत नाही. कर्नाटकाच्या या वेगवान गाड्या धारवाड-बेळगावात थबकतात, महाराष्ट्राची गाडी हुबळीपुढे जात नाही. सीमा नकाशावर असो, न्यायालयात असो, तिचा निवाडा व्हायचा तेव्हा होईल. रुळावर ती कशाला हवी? बेळगावच्या मराठी माणसाला, निपाणीच्या तंबाखूवाल्याला, मिरजेच्या इस्पितळात उपचारासाठी येणाऱ्या कानडी बाईला, सगळ्यांनाच ती गाडी सारखीच लागणार आहे.

ही वाट आजची नाही. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली ती १६३८ च्या सुमारास. चिकपेटेत त्यांचा गौरी महाल होता असं सांगतात. राजे इथे, आणि जिजाबाई बाळ शिवाजींना घेऊन पुण्याच्या जहागिरीत. एकाच घराचे दोन भाग बंगळूर आणि पुण्यात वाटले गेले, तेही पावणेचारशे वर्षांपूर्वी. तेव्हापासून या वाटेवर मराठी माणसाची ये-जा आहे. सरदार गेले, रंगारी गेले, शिंपी गेले, गलाईवाले गेले, आता संगणकवाले जातात. इलेक्ट्रॉनिक सिटीतली पोरं शुक्रवारी रात्री आनंदराव सर्कलला स्लीपर बस धरतात, कारण त्यांनीही हिशेब केलेला आहे. विमानाला दीड तास आणि घरी पोचायला अख्खा दिवस. बसमध्ये झोपलं की सकाळी कराड. तरणी, शिकलेली, कमावती पोरं विमान परवडत असूनही बसने जातात, ही गोष्ट विमान कंपन्यांच्या आणि नियोजन करणाऱ्यांच्या डोक्यात अजून शिरलेली नाही.

म्हणून तिकिटावर 'प्रवासाचा कालावधी' छापायला मनाई केली पाहिजे. जे छापता ते उडण्याचा कालावधी म्हणून छापा. आणि सरकारने नवा विमानतळ, नवा मार्ग, नवी गाडी जाहीर करताना शहराच्या जुन्या चौकापासून तालुक्याच्या एसटी स्टँडपर्यंतचा वेळ सांगावा. चिकपेट ते विटा स्टँड, किती तास? अव्हेन्यू रोड ते आटपाडी, किती तास? या आकड्यात घट झाली तर फीत कापा. नाही झाली तर कापू नका.

वाचकहो, तुमच्यापैकी कितीतरी जण याच वाटेवरचे आहात. पुढच्या वेळी गावी निघाल तेव्हा दुकानाचं शटर ओढल्याची वेळ आणि घराच्या उंबऱ्यात पाय ठेवल्याची वेळ एका कागदावर लिहा. खाली मार्ग लिहा, खर्च लिहा. तो कागद सांगलीच्या, कोल्हापूरच्या आणि बेळगावच्या खासदारांना पाठवा, आणि एक प्रत रेल्वेच्या हुबळी विभागाला. मागणी एकाच ओळीची असू द्या: रोज सकाळी बंगळूरहून सुटणारी आणि त्याच दिवशी मिरजेला पोचणारी थेट गाडी द्या.